उंबरावरचं टिंब

पिंपळवंडीच्या रस्त्यालगतच्या छोट्या मशिदीची पाटी जयवंत पेंटरने तरुणपणी रंगवली, तेव्हा नाव कुणी लिहून दिलं नव्हतं. निरोप तोंडी आला होता, ‘उमर मशीद’. दारात भलामोठा उंबर. जयवंतने ठसठशीत अक्षरांत ‘उंबर मशीद’ लिहिलं आणि गावाने तेच नाव उचललं.

त्या झाडाखाली रज्जाकभाई आतार सायकली दुरुस्त करत. चूक त्यांना पहिल्याच दिवशी दिसली होती, पण ते बोलले नाहीत. पुढे मुळांनी मशिदीची भिंत तडकू लागली. कमिटीत झाड तोडायची भाषा निघाली, की रज्जाकभाई हातातला पाना पाटीकडे रोखत.

“झाड तोडा. मंग नावाचं काय करता?”

लोक हसत आणि विषय मिटे.

गेल्या उन्हाळ्यात जयवंतच्या मुलाने, कतारमध्ये नोकरीला असलेल्या कपिलने, दोह्याहून मोबाइलवर एका मशिदीचा फोटो पाठवला. सोबत त्याच्या आवाजातला निरोप होता. “नाना, ही बी उमर मशीद. खलिफा उमर यांच्या नावाची. अशा जगभर लई हाईत. त्यांचं झाड तुमी एकट्यानीच केलं.”

जयवंतला ते लागलं. डबा-ब्रश घेऊन तो शिडीवर चढला.

“राहू दे की राव,” रज्जाकभाई खालून म्हणाले. “इतकी वर्सं नमाज अडली व्हती का? पाटी हाय म्हणून झाड हाय.”

“माझ्या हातचं चुकीचं लोकांनी का वाचावं, भाई?”

त्याने टिंब खरवडलं, ‘ब’चा ‘म’ केला. कमिटीने त्याला चहा पाजला.

पावसाळ्याच्या तोंडावर भिंतीचा विषय पुन्हा निघाला. रज्जाकभाईंनी सवयीने पाना उचलला, पाटी वाचली आणि हात खाली घेतला. आठवड्याभरात उंबर तोडला.

या उन्हाळ्यात रज्जाकभाई पत्र्याच्या टपरीत बसतात. गप्पांना कुणी टेकत नाही. जयवंत जातो, पण बोलणं दोन वाक्यांत संपतं. परवा तो म्हणाला, “भाई, टपरीवर नाव टाकून देतो.”

“टाक. उंबर सायकल दुकान. टिंबासकट.”

जयवंतने ब्रश टेकवला. ऊन थेट पत्र्यावर होतं. अक्षराला वळण येण्याआधीच रंग सुकत होता. त्याने दोनदा पुसून पाहिलं.

“सावलीत बरं जमायचं तुला,” रज्जाकभाई म्हणाले आणि चाकाकडे वळले.