आक्काच्या हातचं तेल

काल्हेरच्या हिरामणला खाडीचा तळ अंगणासारखा ठाऊक होता. होडीवरून बुडी मारायची, बादलीत रेती भरायची आणि दम संपला की वर यायचं. सोळाव्या वर्षापासून हेच. विशीत उजव्या कानातून रक्त यायला लागलं, तेव्हा भिवंडीच्या डॉक्टरनं बजावलं, "तळाला जाणं सोड, नाहीतर बहिरा होशील." सांगायला काय जातंय हो! रेती सोडली तर खायचं काय?

त्याच सुमाराला रामनाथ मास्तरांनी त्याला पुलावरून खाडीत उडी मारताना पाहिलं. मास्तर मुंबईच्या तलावावर डायव्हिंग शिकवायचे. लवचिक फळीवरून उसळायचं, हवेत गुडघे छातीशी आवळून गिरकी घ्यायची आणि सरळ होऊन पाण्यात शिरायचं. रेतीचं काम उरकून, साबणानं अंग खसाखसा घासून हिरामण तिकडे जाऊ लागला. चार वर्षांत राज्यात तिसरा आला. शहात्तर साली मास्तर म्हणाले, "यंदा पहिल्या दोघांत ये. रेल्वेत चिकटवतो तुला." झालं! रेतीतून सुटायची वाट त्याला पहिल्यांदाच दिसली.

स्पर्धेच्या दिवशी पहाटे आक्का खोबरेल कोमट करून बसलेली. आईमागं त्याला वाढवणारी ही थोरली बहीण. पाणी अंगाला बाधू नये म्हणून बुडी मारणाऱ्यांना घरची माणसं तेल चोळतात, तशी ती त्याला रोज चोळायची.

"आज मोठ्या पान्यान जायचाय तुला," म्हणत तिनं पाठ, मांड्या, नडग्या रगडून काढल्या.

मास्तरांची सक्त ताकीद होती, तेलाचा थेंब नको. पण उपास धरून बसलेल्या आक्काला नको म्हणायचं कसं? तिकडे गेल्यावर धुऊ, असं त्यानं ठरवलं. तिकडे नळ होता, साबण कुठला! त्यानं टॉवेलनं जमेल तेवढं पुसलं, तोवर नाव पुकारलंच.

सरळ उड्या झकास पडल्या. शेवटची उडी उरली तेव्हा हिरामण दुसरा होता. शेवटची दीड गिरकीची. तो उसळला, नडग्या धरल्या आणि हात सटकन निसटले. गिरकी अर्ध्यात सुटली. पाठ पाण्यावर फाडकन आपटली.

पाचवा नंबर. मास्तरांनी त्याला हात देऊन वर ओढलं, मग स्वतःची बोटं एकमेकांवर चोळून पाहिली. ती टॉवेलला पुसून निघून गेले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं त्याला.

आक्का दारातच उभी होती. "काय झाला रं?"

"पाय घसरला."

तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "माजाच चुकला. घाईन तेल कमी लावला."

हिरामणनं तेलकट टॉवेल पाठीमागं लपवला. तो म्हणाला, "न्हाय गो आक्का, तुजा काय चुकला न्हाय."

दुसऱ्या दिवशी होडीवर जायच्या आधी तो तिच्यापुढे पाठ करून बसला. आक्कानं ओंजळभर जास्तच तेल घेतलं. चोळता चोळता ती काहीतरी सांगत होती, पण ती होती उजव्या कानाच्या बाजूला. त्याला ऐकू आलं नाही.