ताप न आणणारी सुई

मोठ्या जावेचा मुलगा आणि माझी मुलगी एकाच घरात, एकाच महिन्यात जन्मली. तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखू लागलं, ते बाळंतपणाचं नव्हतं. तो गुटगुटीत, ही काडी. बालाघाटच्या आमच्या गल्लीतलं कुणीही घरी आलं, की आधी त्याचे गाल ओढायचं.

देवीचा रोग तेव्हा अजून गेला नव्हता. दोघांच्याही दंडावर देवी टोचल्या. त्याचा फोड टरारून उठला, ताप भरला. झालं! टोचणी लागली म्हणजे माता घरी आली. दाराला कडुनिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद, आणि जाऊ पोराला घेऊन खाटेवर. बिनफोडणीचं वरण घोटायला मी. माझ्या मुलीचा फोड उठलाच नाही. तिला पुन्हा टोचून आणावं लागलं.

"इच्या पोरीले माताबी इचारत नाही," सासूबाई म्हणाल्या. सगळे हसले. मी चुलीत फुंकर घातली, जरा जास्तच जोरात.

पुढे ट्रिपलची सुई आली. घटसर्प, धनुर्वात आणि डांग्या खोकला, तिन्हींवर एकच. आम्ही दोघींनी पोरं दवाखान्यात नेली. संध्याकाळी त्याची मांडी सुजली, अंग तापलं. माझी मुलगी खुशाल रांगत होती. मी सारखी तिच्या कपाळाला हात लावून बघत होते. लेकराला ताप यावा म्हणून कुठल्या आईने देव पाण्यात ठेवलेत? मी ठेवले होते.

"माह्या बाबूले लागली वं सुई! तुह्या पोरीले नाही लागली वाट्टे," जाऊ म्हणाली.

महिन्याने दुसऱ्या सुईची वेळ आली, तेव्हा ती जागची हलली नाही. "एकीनंच काम झालं. आता कायले टोचू लेकराले?" देवीच्या हिशेबाने तिचं बरोबरच होतं. उठली की झालं. मी मात्र गेले. शहाणी होते म्हणून नव्हे. तिच्या पोराला लागली आणि माझ्या पोरीला नाही, हे मला खपत नव्हतं. नर्सबाईला म्हटलं, मागची लागली नाही, ही जरा जोरात द्या.

ती हसली. "ये देवी का टीका नहीं है, बाई. बुखार आए न आए, अंदर काम करता है. पर तीनों लगवाना, तभी पक्का होगा."

मला काही ते खरं वाटलं नाही. तिसऱ्या सुईलाही मी तापाच्याच आशेने गेले. ताप आला नाही.

त्या हिवाळ्यात गल्लीत डांग्या खोकला शिरला. जावेचा मुलगा खोकता खोकता निळा पडायचा, पोटातलं दूध बाहेर यायचं. भासरे, म्हणजे त्याचे वडील, त्याला उचलून दवाखान्यात धावायचे. माझी मुलगी, कितीही आवरली तरी, त्याच्याच ताटलीत हात घालायची. तिला साधी शिंकही आली नाही.

एका दुपारी जाऊ माझ्याकडे आली आणि तिने माझ्या मुलीच्या कपाळाला हात लावला. "इले काहीच नाही झालं. काहून वं?" ती मुलीकडे बघत राहिली. तिने माझा हेवा करावा म्हणून मी वर्षभर झुरले होते. आता करत होती, तर मला ते बघवेना.

सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "पोरीची दृष्ट काढ. मोठीची नजर पडून राह्यली."

मी मूठभर मीठ-मोहरी घेतली. मिरच्या वगळल्या, त्यांच्या धुराने त्याला उबळ आली असती. आणि जावेच्या खोलीत जाऊन मूठ तिच्या पोरावरून उतरवली.

"अवं, याच्यावरून काहून?"

"नजर माहीच होती, बाई," मी म्हटलं आणि दोघी रडलो.

उन्हाळ्यात त्याचा खोकला थांबला. नर्सबाईच्या म्हणण्याप्रमाणे पहिली सुई फुकट गेली नव्हती, घटसर्प-धनुर्वातासाठी राहिलेल्या दोनच द्यायच्या होत्या. आम्ही जोडीने गेलो. त्या संध्याकाळी त्याला पुन्हा ताप चढला, आणि खरं सांगते, माझ्या पोटात पुन्हा जरासं दुखलंच.