बासुंदीत काय पडलं

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नातली बासुंदी उत्तम झाली होती. ती खायला कुणी धजेना, याला कारण मी.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. बदलापूरला शिरगावात, आमच्या बिल्डिंगमागच्या मोकळ्या जागेत मांडव होता. मुलाकडचे उल्हासनगरचे. अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली, आणि वाढपी पातेल्यात वाकून म्हणाला, "अंदर कुछ काला गिरा है." एवढंच. पण दोन पानं पुढे जाईपर्यंत त्या काळ्या वस्तूला शेपूट फुटलं आणि तिची पाल झाली.

तोवर हे चार-सहा माणसांनाच कळलं होतं. मी अंबरनाथच्या एका कंपनीत सेफ्टी खात्यात होतो. घाबरलेल्या लोकांना सूचना देणं हे माझं कामच (असा माझा समज). मी भटजींचा माइक उचलला.

"मंडळी, अफवांवर विश्वास ठेवू नका. बासुंदीत पाल पडलेली नाही. पुन्हा सांगतो, पाल पडलेली नाही."

पंगतीतले हात वाट्यांवरच थांबले.

"पाल?" विहीणबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. "आम्हाला कुणी बोललंच नाही."

मी आणखी धीर दिला. "आणि पडली असती, तरी उकळत्या दुधात विष राहत नाही."

यावर एक काकू तोंडाला पदर लावून मोरीकडे धावल्या. नवऱ्या मुलाचे मामा पानावरून उठले. "चला, निघू या," ते म्हणाले. शुभाच्या, माझ्या बहिणीच्या, डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं माझ्या बारावीच्या निकालाकडेही पाहिलं नव्हतं.

तेव्हा बाबांची मोठी बहीण, आमची आत्या, उठली. मला म्हणाली, "तू खाली बस." तिने डावाने पातेल्याचा तळ ढवळला आणि एक काळपट गोळा वर काढला. तो ताटलीत घेऊन ती थेट विहीणबाईंकडे गेली.

"हे बघा, आचाऱ्याच्या किसणीवरून अख्खं जायफळ सटकलं. वास घ्या."

विहीणबाईंनी वास घेतला. "जायफळच की हो."

"म्हणून तर बासुंदी जरा कडक लागतेय. झोप आली तर आत गाद्या घातल्यात." असं म्हणून आत्या त्यांच्याच शेजारी बसली, एक वाटी संपवली आणि दुसरी मागितली.

विहीणबाई हसल्या आणि त्यांनी वाटी उचलली. मामा परत पानावर बसले. "अख्खं जायफळ घातलंय म्हणे," ही बातमी पंगतभर पसरली आणि लोक आग्रहाशिवाय बासुंदी मागू लागले. त्या प्राण्याचं नाव आत्याच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. मी थक्क होऊन बघत राहिलो. इतकी वर्षं सेफ्टीत काढून मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

दुसरी पंगत बसत असताना मी तिला गाठलं. "आत्या, तुला हे सुचलं कसं?"

"अरे, काय पडलं ते लोकांना कळायला हवं होतं. तू काय पडलं नाही तेच सांगत बसलास."

"म्हणजे पालीचं नावच काढायचं नाही!" मी भारावून, जरा मोठ्यानेच म्हणालो.

मागच्या पानांवरच्या दोघांनी वाट्या हळूच बाजूला सारल्या.