प्रसंगापुरती भोवळ

गदगच्या कचेरीसमोर टाइपरायटर मांडून बसणारे चन्नवीरप्पा मास्तर मॅट्रिक नापास होते, पण ताठा बॅरिस्टरचा. ‘टेम्पररी’ कुठे वापरायचं आणि ‘मोमेंटरी’ कुठे, हे गावात आपल्या एकट्यालाच कळतं, असं संध्याकाळी चुरमुऱ्यांचं गिरमिट खाता खाता चारचौघांना ऐकवत.

त्या दिवशी रेल्वे फाटकावरचा यमनप्पा नोटीस घेऊन आला. शिवरात्रीच्या उपासात त्याला भोवळ आली, फाटक लागलं नाही आणि गाडी सिग्नलला अडकून राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं, म्हणत होता. संध्याकाळी पाचच्या आत खुलासा द्यायचा होता, नाहीतर नोकरीवर गदा.

मास्तर विचारात पडले. ‘टेम्पररी’ म्हटलं तर आजार वाटेल. ‘मोमेंटरी’ म्हटलं तर साहेब विचारणार, क्षणभराचीच होती तर नंतर फाटक का नाही लावलं? शेवटी त्यांनी ‘ऑकेजनल’ टाइप केलं. ऑकेजन म्हणजे प्रसंग, म्हणजे त्या प्रसंगापुरती भोवळ. स्वतःवरच खूश होऊन त्यांनी यमनप्पाला पिटाळलं.

दुपारी हायस्कुलात इंग्रजी शिकवणाऱ्या गिरिजाबाई प्रश्नपत्रिका टाइप करून घ्यायला आल्या. बसल्या बसल्या त्यांनी समोर पडलेली कार्बन प्रत वाचली.

“मास्तर, ह्या माणसाला अधूनमधून भोवळ येते? आणि तो फाटकावर बसतो?”

मास्तरांनी प्रत ओढून ‘ऑकेजनल’वर बोट ठेवलं, बाईंनी मान डोलावली. अधूनमधून भोवळ येणाऱ्याला रेल्वे एक दिवस ठेवायची नाही. मशीन तसंच टाकून ते सायकलवर बसले. वाटेत दोनदा साखळी निसटली. साखळीच्या तेलाने काळ्या झालेल्या बोटांनी कपाळ पुसलं, तेही त्यांना कळलं नाही.

रेल्वे कचेरीतल्या कारकुनाने मान हलवली. खुलाशावर शिक्का बसला होता, तो आता परत मिळणार नव्हता. नवा खुलासा दिला तर यमनप्पाने जबाब फिरवला असंच साहेब म्हणतील. चूक लिहिणाऱ्याची आहे असं लिहिणाऱ्यानेच सही करून दिलं, तरच तो कागद खुलाशाला जोडता येईल.

यमनप्पा बाकावर निवांत बसला होता. “तुम्ही लिहिलंय, मग मला कसला घोर, मास्तर?”

मास्तरांना ते ऐकवेना. असा कागद दिला तर उद्यापासून आपल्याकडे कोण येणार, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी कोरा कागद मागितला. इंग्रजीत दोन शब्द लिहिले आणि खोडले. कुठल्याच शब्दाचा भरवसा वाटेना. मग सरळ कन्नडमध्ये लिहिलं: ह्या माणसाला एकदाच भोवळ आली. इंग्रजी शब्द मी चुकीचा घातला, मला त्याचा अर्थ माहीत नव्हता.

कारकुनाने ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. मास्तर खाली बघत उभे राहिले.

यमनप्पा बाकावरून उठला. म्हणाला, “हे सगळं कळलं मला. मास्तर, सकाळी असंच का नाही लिहिलंत?”