हळदीवर चढवलेला पांढरा रंग

मी व्यवसायाने विदूषक होतो. हे वाक्य मी विनोद म्हणून लिहिलेलं नाही. विनोद म्हणून लिहिलं असतं तर कुणी हसलं नसतं, असा माझा धंद्यातला अनुभव आहे.

भिवंडीत त्या काळी माणसाने एक तर लूम चालवायचा, नाहीतर लूम चालवणाऱ्यांना चहा पाजायचा. आमचे बाबा कामतघरला यासीनशेठच्या कारखान्यात जॉबर होते. लूम बिघडला की तो ताळ्यावर आणायचा, हे त्यांचं काम. मलाही ते तिथेच चिकटवणार होते, पण मी अठरा वर्षांचा असताना गावात सर्कस आली आणि जाताना मला घेऊन गेली. तिथल्या उस्तादांनी मला पडायला शिकवलं. पडणं लोकांना सोपं वाटतं. डोक्यावरची टोपी न पाडता, हाड न मोडता आणि चेहऱ्यावर आश्चर्य ठेवून पाठीवर पडून दाखवा, मग बोलू. तीन वर्षांनी हत्तीचं खाणं परवडेना म्हणून सर्कस बंद पडली आणि मी एक ढगळ विजार, एक लाल नाक आणि पडण्याचं उच्च शिक्षण घेऊन घरी परतलो.

मग मी साड्यांच्या दुकानासमोर जोकर होऊन हँडबिलं वाटू लागलो. संध्याकाळी कुणाच्या पोराचा वाढदिवस असला तर तिथे पडून यायचो. बाबा कुणी विचारलं तर विषय पावसावर न्यायचे.

लग्न ठरवायची वेळ आली तेव्हा ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, पुढे झाले. भाऊजींना ज्यावर बोलता येत नाही असा विषयच नव्हता. खारबावच्या, मुलीकडच्या मंडळींनी मुलगा काय करतो असं विचारलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "जाहिरात खात्यात आहे. फिरतीचं काम." तसं पाहिलं तर यात खोटं काहीच नव्हतं. दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी दिवसभर फिरतच असायचो. खारबावला भाताची गिरणी चालवणारे माझे होणारे सासरे माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "पोरगा गंभीर वाटतो." मी खूश झालो. त्यांची मुलगी सुमन दारातून एकदा दिसली आणि मी ठरवलं की लग्न लागेपर्यंत गंभीरच राहायचं. नंतर तिला हळूहळू सांगू. ती मला फार आवडली होती, आणि जोकरला मुलगी देणारं घर ठाणे जिल्ह्यात सापडणार नाही याची मला खात्री होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मला हळद लागली. आमच्याकडे हळद लावत नाहीत, थापतात. आमच्या आत्याने तर मला पिवळं लिंपूनच काढलं आणि बजावलं की आता लग्नाला निघेपर्यंत अंगाला पाणी लावायचं नाही आणि अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. दृष्ट लागू नये म्हणून लिंबू टोचलेला अडकित्ता माझ्या हातात दिला. मी देवासारखा पाटावर बसलो.

दुपारी यासीनशेठ स्वतः दारात आले. त्यांच्या नातवाचा त्याच संध्याकाळी वाढदिवस होता आणि ठाण्याहून बोलावलेला जादूगार आजारी पडला होता. शेठ मला म्हणाले, "अरे बेटा, अर्ध्या घंट्याचा सवाल हाय. पोरं जमून बसल्येत." नाही म्हणणं शक्य नव्हतं. बाबांचे मालक तर ते होतेच, शिवाय दुसऱ्या दिवशी आमचं सगळं वऱ्हाड त्यांच्याच कापडाच्या टेम्पोंतून खारबावला जाणार होतं. शेठ गेल्यावर आत्याने विचारलं की हळदीचा नवरा घराबाहेर पडून पाठीवर आपटतो, हे कुठल्या शास्त्रात आहे.

मी पेटी उघडली तर तोंडाला लावायच्या पांढऱ्या रंगाचा डबा रिकामा. भाऊजींनी तो सकाळीच वापरून टेम्पोवर मोठ्या हौसेने 'शुभविवाह' लिहिलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी घरात नजर फिरवली आणि विड्यांसाठी आणलेला चुन्याचा डबा उचलला.

"खोबरेल तेलात कालव," ते म्हणाले. "वरून पावडर मार. पांढरं ते पांढरं."

हळद आणि चुना एकत्र आले की काय होतं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. घरात तेव्हा चाळीसएक माणसं होती आणि त्यांतल्या निम्म्या बायका कपाळाला कुंकू लावून उभ्या होत्या. कुणाच्याही डोक्यात आलं नाही. आत्याने तर स्वतःच्या हाताने माझ्या मानेला चुना लावून दिला, हळद दिसू नये म्हणून.

शेठच्या गच्चीवर तीसेक पोरं बसली होती. मी आत शिरलो, नेहमीसारखा उंबऱ्याला अडखळून पडलो आणि नेहमीसारखं कुणी हसलं नाही. उकाडा भयंकर होता. घाम फुटला, तेलाखालची हळद विरघळली, चुन्याला जाऊन भेटली. मला यातलं काही दिसत नव्हतं. मला एवढंच दिसलं की पोरं हळूहळू पुढे सरकतायत आणि डोळे विस्फारून माझ्याकडे बघतायत. एक मुलगी ओरडली, "गुलाबी झाला!" थोड्या वेळाने दुसरा म्हणाला, "आता लाल!" टाळ्या पडल्या. मला वाटलं, इतक्या वर्षांनी उस्तादांची विद्या फळली. मी आणखी दोनदा जास्त पडलो. शेठ निरोप देताना माझा हात दाबून म्हणाले, "रंग बदलनेवाला जोकर पैली बार देखा. मान गए." मी तरंगत घरी आलो.

आत्याने दार उघडलं आणि मला बघून मटकन खाली बसली.

तेलाने पुसल्यावर चुना गेला, लाली राहिली. कपाळ, दोन्ही गाल, नाकाचं टोक आणि एक कान असे सुटे सुटे तांबडे डाग. आता पाणी लावायची बंदी कुठे आठवणार? ताईने अंगाचा साबण घासला. डाग अधिक गडद झाले. भाऊजींनी कपडे धुण्याचा सोडा आणला. सोड्याने डाग आणखी पिकले आणि खालची कातडीही त्यांच्या बाजूला गेली. (एका लिंबाने बरंचसं काम झालं असतं हे मला कित्येक महिन्यांनी कळलं. लिंबू त्या सगळ्या वेळात माझ्या हातातच होतं, पण ते दृष्टीसाठी होतं, त्यामुळे कुणी त्याला हात लावला नाही.)

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड निघालं. बाबा टेम्पोत माझ्याकडे पाठ करून बसले. मुंडावळ्यांना भाऊजींनी चार जादा माळा बांधल्या होत्या, त्यामुळे मला खारबाव आल्याचं आवाजावरूनच कळलं.

मांडवाच्या दारात सासूबाई ओवाळायला आल्या. त्यांनी माळा बाजूला केल्या, कुंकवाचं बोट उचललं आणि ते बोट हवेतच राहिलं. कुंकू लावायला कपाळावर जागाच नव्हती. त्यांच्या हातातलं तबक खणखणत खाली पडलं. बायका मागे सरल्या. गोवर, नागीण, पित्त, असे एकेक शब्द मांडवातून फिरू लागले. सासरे पुढे आले. त्यांनी माझा चेहरा हनुवटीला धरून उजेडात फिरवला, भात पारखावा तसा.

"तोंडाला काय झालाय?"

"उष्णता," बाबा म्हणाले.

"ॲलर्जी," त्याच वेळी भाऊजी म्हणाले.

उष्णतेवर कदाचित निभावलं असतं. पण ॲलर्जी हा शब्द तेव्हा खारबावला नवा होता, आणि पुढे उभ्या असलेल्या माणसांनी नाकाला रुमाल लावले. सासरे शांतपणे म्हणाले, "रोगी पोरगा आमच्या पोरीच्या गळ्यात बांधायला आणलात. गंभीर गंभीर म्हणून आमी भुललो. ह्ये लगीन होनार न्हाय."

आतल्या खिडकीत सुमन शालू नेसून बसलेली मला माळांतून दिसत होती. ती रडत होती. तिला मी फसवलं होतं हे खरं, पण रोगाच्या बाबतीत नव्हतं. मी माळा वर सारल्या आणि सगळं सांगून टाकलं. हळद, चुना, शेठचा नातू. "मला रोग नाही. मी जोकर आहे," मी म्हणालो.

सासऱ्यांनी बराच विचार केला.

"रोग आसता त डाक्टर केला आसता," ते म्हणाले. "याला काय करू?" मग त्यांना वेगळीच शंका आली. रोग लपवायला हा जोकर असल्याचं सोंग करत नसेल कशावरून? "जोकर हायस ना? मंग करून दाव."

आयुष्यात इतक्या महत्त्वाच्या प्रयोगाला मी कधी उभा राहिलो नव्हतो. मी नसलेल्या खुर्चीवर बसून दाखवलं. कुणी हसलं नाही. कलशांवरचे तीन नारळ हवेत खेळवले, त्यातला एक भटजींच्या पायावर पडला. भटजीही हसले नाहीत. शेवटी मी उस्तादांचं खास पडणं काढलं. आधी पाय थरथरायचे, मग डोळे फिरवायचे, मग अख्खं शरीर ताठ करून लाकडासारखं मागे जायचं. सर्कशीत या पडण्याला बँड वाजायचा. मी फेटा न पाडता सुरेख पडलो आणि डोळे मिटून टाळ्यांची वाट बघत राहिलो.

"फिट आली," एक म्हातारी म्हणाली. "याला दोन रोग हायेत."

पुढचं सगळं फार झटकन झालं. चौघांनी माझे हातपाय दाबले, कुणीतरी कांदा फोडला, आणि सासऱ्यांनी स्वतःच्या पायातली चप्पल काढून माझ्या नाकाशी धरली. मी ओरडून सांगत होतो की हा विनोद आहे. फिट आलेला माणूस असंच बडबडतो, असं म्हातारीने सर्वांना समजावून दिलं. माझी कला संपली होती. एवढी वर्षं शिकलेलं सगळं माझं दाखवून झालं होतं आणि त्यातून मला एक रोग जादा मिळाला होता. मला खरोखर रडू आलं. मी कसाबसा उठून बसलो. फेटा कानावर आलेला, तोंड तांबडंलाल, डोळ्यांत कांद्याचं आणि माझं स्वतःचं असं दोन्ही पाणी, आणि नाकाखाली सासऱ्यांची चप्पल. आणि त्या अवस्थेत, आयुष्यात प्रथमच अगदी मनापासून, मी हात जोडून म्हणालो,

"मी तुमच्या मुलीला सुखात ठेवीन."

मग खिडकीतून एक आवाज आला. आधी वाटलं हुंदका आहे. पण सुमन तोंडावर शालूचा पदर दाबून हसत होती, आणि पदर पुरत नव्हता. मग ताई हसली. मग नाकाला रुमाल लावलेली माणसं हसली, भटजी दुखरा पाय धरून हसले, आणि बाबा, जे माझ्याकडे बघून कधीच हसले नव्हते, ते मांडवाचा खांब धरून हसले. सासरे चप्पल हातात घेऊन तसेच उभे होते. त्यांनी मांडवाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तेही हसत हसत कमरेत वाकले. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि खिडकीकडे वळून विचारलं, "काय गो पोरी, करायचा का लगीन?" तिने हो म्हणून मान हलवली आणि पुन्हा पदरात तोंड खुपसलं.

"खराच जोकर हाय," सासरे भटजींना म्हणाले. "धरा अंतरपाट."

नंतर मी बरीच वर्षं तो धंदा केला. पडलो, आपटलो, नारळ झेलले. तसं हसू मला पुन्हा कधी मिळालं नाही. उस्तादांचं खास पडणं मी सोडून दिलं. पण घरी पाहुणे आले, गप्पा थंडावल्या की सुमन अजूनही स्वयंपाकघरातून हाक मारते, "अहो, ते जरा म्हणून दाखवा ना, सुखात ठेवीनवालं."

मी म्हणतो. अगदी मनापासून म्हणतो. आणि सगळ्यांत आधी तीच हसते.