गोल न खाता एक मॅच

जिल्ह्याच्या फुटबॉल लीगमध्ये आमचा पेडगावचा संघ सगळ्यात खालच्या गटात होता. त्याच्या खाली आणखी गट नव्हता, नाहीतर आम्ही तिथंही पोचलो असतो. पालमला एसटीनं उभ्यानं गेलो आणि हरून उभ्यानंच परत आलो. येलदरीच्या पोरांनी आम्हाला हरवून वर मासे खाऊ घातले, त्यामुळं आमच्यातल्या काहींना ती मॅच जिंकल्यासारखीच आठवते. मी शाळामास्तर, बचावाला खेळायचो. गुडघे चाळिशीतले आणि तोंड तापट. दोन्हींत तोंडच जास्त पळायचं.

आमचा गोलकीपर धनगर होता, स्वतःची मेंढरं राखायचा. उंच, लांब हातांचा, अंगावर येणाऱ्या चेंडूला न भिणारा; पण प्रत्येक मॅचला गोल खायचाच. त्यात आम्हा बचाववाल्यांचा वाटा मोठा होता आणि ते आम्हाला माहीत होतं, म्हणूनच आम्ही त्याच्यावर ओरडायचो.

शेवटच्या मॅचच्या सकाळी तो मला म्हणाला, "सर, उद्या मेंढरं घेऊन निघायलोय. आता पावसाळ्यापर्यंत येणं न्हाई. एक मॅच तरी गोल न खाता व्हावी. लय मनात हाय."

मला भरून आलं. मी म्हणालो, "मग आधी पुढं येऊन चेंडू धरायला शिक." भरून आलं की मला असंच बोलता येतं.

मॅचला आलेल्या पंचांनी आमचे गोलपोस्ट पाहिले आणि नेट कुठाय म्हणून विचारलं. नेट आमच्याकडं कधीच नव्हतं. आधीच्या पंचांनी चालवून घेतलं होतं, हे घेईनात. नेट नाही तर मॅच नाही, म्हणाले. तेव्हा गोलकीपर तडक शेजारच्या वावरात गेला. सोयाबीन निघाल्यावर खतासाठी त्याचीच मेंढरं तिथं बसवली होती. त्यांच्याभोवती लावलेली वाघर, म्हणजे जाळी, त्यानं सोडून आणली आणि दोन्ही गोलांना बांधली. पंच खूश. आम्ही टाळ्या वाजवल्या. आता मेंढरांना कोण अडवणार, हा प्रश्न आमच्यातल्या एकाही शहाण्याला पडला नाही.

त्या दिवशी आम्ही खरंच जीव तोडून खेळलो. गोलकीपर डावीकडं उडाला, उजवीकडं उडाला, एकदा तर त्यानं तोंडानं चेंडू अडवला. मॅच संपत आली तरी गोल नव्हता. आणि तेवढ्यात पलीकडच्या तुरीतून शेतकऱ्याची बोंब आली, "मेंढरं घुसली रे!"

नेमका त्याच वेळी समोरचा फॉरवर्ड मला चकवून एकटाच गोलकडं सुटला. गोलकीपरनं जागा सोडली नाही. कळपाला बोलवायचा एक लांब आवाज तेवढा काढला. धन्याचा आवाज ऐकताच सगळी मेंढरं तुरीतून निघाली, मैदानात आली आणि गोलच्या तोंडाशी त्याच्याभोवती दाटीनं उभी राहिली. फॉरवर्डनं मारलेला चेंडू एका मेंढीच्या पाठीवर बसला.

पंचांनी शिट्टी वाजवली आणि बराच वेळ विचार केला. मग बाहेरचं जनावर मधे आल्यामुळं खेळ थांबवला, असं सांगून त्यांनी चेंडू आमच्या गोलकीपरच्या पुढ्यात टाकला. त्यानं तो लांब मारला आणि मॅच संपली. शून्य-शून्य. आम्ही नाचलो.

तो नाचला नाही. "ह्ये धरायचं न्हाई," म्हणाला. "मेंढीनं अडवलं, म्या न्हाई." त्यानं मेंढरं बाजूला हाकलली आणि फॉरवर्डला हाताला धरून त्याच जागेवर आणून उभं केलं. "भाऊ, मार आता."

गोल झाला.

"परत मार."

परत गोल. त्यांचा टेम्पो हॉर्न वाजवायला लागला. मोटारसायकलीला किक मारता मारता पंचही थांबले. शेवटी फॉरवर्डनं हात जोडले. "बाहेर मारू का एक? सोडा ना मला."

गोलकीपर भडकला. "बाहेर मारला तर टेम्पोत बसू देणार न्हाई. खरा मार!"

त्यानं खरा मारला. जोरात, खालून, डाव्या कोपऱ्यात. गोलकीपर आडवा झाला आणि चेंडू पोटाशी धरून तसाच मातीत पडून राहिला. आधी त्यांचा संघ ओरडला, मग आमचा. मी धावत गेलो. त्याला काहीतरी चांगलं बोलावं असं मनापासून वाटत होतं. तोंड उघडलं आणि एवढंच निघालं, "ऊठ की आता."

तो हसला. "थांबा सर," म्हणाला, "जरा धरू द्या."