कोणते वानखडे

आमच्या बाभुळगावकडच्या भागात वानखडे वरच्या आळीतही आहेत आणि आमच्या बौद्धपुऱ्यातही. नवा माणूस भेटला की "कोणते वानखडे?" हा प्रश्न येतोच. आमच्या पुऱ्यातला पायलट तो येऊच देत नसे. "वानखडे. खालच्या पुऱ्यातला. आता चहा कोणत्या कपात देता थे सांगा," असं तो हसत म्हणायचा. समोरचा बिचारा कप शोधत बसायचा.

खरं तर तो पायलट नव्हता. वायुसेनेत साधा एअरमन, विमानांना शस्त्रं जोडणाऱ्या तुकडीत. नाव गावानं चिडवायला ठेवलं होतं. तो चिडत नसे. "मी विमानाच्या पोटाखाली असतो. तिथंही आपला खालचाच पुरा हाय," म्हणायचा.

सुटीवर आला की त्याच्या लोखंडी पेटीत कपड्यांखाली नागपूरहून आणलेल्या चळवळीच्या पुस्तिका असायच्या. मला देताना दम भरायचा, "वाच अन् पुढं दे. घरात ठेवली त वाळवीच शहाणी होते." मी आज जे काही लिहितो, ते त्या पिवळ्या, स्वस्त कागदावर उगवलेलं आहे.

वायुसेनेतच काहून गेला, असं कोणी विचारलं तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "जमिनीवर जागा भेटली नाही, म्हणून हवेत गेलो." आम्हाला त्याचा अर्थ माहीत होता. तो शाळेत असताना भर पावसात त्याचा बाप वारला. नाल्याकाठची आमची दहनाची जागा पुराखाली होती. तिरडी गावाच्या स्मशानातल्या शेडकडे नेली, तर वाटेतूनच परत पाठवली. पूर ओसरेपर्यंत बाप घरात पडून होता आणि पायलट त्याच्या उशाशी माशा वारत बसला होता.

पुढं लढाई लागली. सीमेजवळच्या तळावर बॉम्ब पडला तेव्हा तो विमानाखालीच होता.

तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली. तिच्यासोबत गाड्या आल्या, कॅमेरे आले, आणि कधी आमच्या पुऱ्यात पाय न ठेवलेले सरपंचही आले. पायलटच्या आईला ते आजवर 'ए बाई' म्हणत. त्या दिवशी म्हणाले, "काकू, शेडमंदी नेऊ. सारं गाव येऊन राह्यलं."

"त्याच्या बापाजवळ न्या," माय म्हणाली.

"नाल्यावर चिखल हाय, काकू. सलामीचे जवान उभे कुठं राहतीन?"

मायनं पेटीवर हात ठेवला. मग सगळ्यांसमोर तिनं विचारलं, "अन् उद्या आमच्यातलं कोणी मेलं त?"

"आता कायचा भेद? शेड तुमचंच हाय."

तिनं मान हलवली. पोरगा देऊन तिनं पुऱ्यासाठी जागा घेतली, असा तो सौदा होता. बंदुका वाजल्या. सरपंचांच्या भावानं खांदा दिला आणि त्याचा फोटोही निघाला. पुढं शेडजवळ पायलटचं स्मारक झालं, फाटक बसलं. माय आम्हाला सांगायची, "मी मेली का मले पोराजवळ न्या. आता आपल्याले कोणी अडवत नाही."

पुढच्याच पावसाळ्यात ती गेली. नाला पुन्हा भरलेला होता. आम्ही तिला फाटकाशी नेलं. आत सरपंचांचा तोच भाऊ उभा होता.

"कोणाची मयत?"

"वानखडेबाईची."

"कोणते वानखडे?"

त्याला ठाऊक होतं. तरी मी सांगितलं, "पायलटची माय."

"तो देशाचा होता," तो म्हणाला. "तुमचं तिकडं हाय ना, नाल्यावर."

मी सरपंचांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. फाटकही उघडलं नाही. पाणी उतरल्यावर, वर टिनपत्रे धरून, डिझेल ओतून आम्ही तिला चिखलात जाळलं. ओली लाकडं पेटत नव्हती. तिथून पोराच्या स्मारकावरचा झेंडा दिसत होता.

यंदा पायलटच्या स्मृतिदिनाला शिकलेला म्हणून मला भाषणाला बोलावलं. मंडपात गर्दी होती, साहेब लोक पुढं बसले होते. मी माईक घेतला. पायलटसारखं आधी आडनाव सांगितलं, मग पुरा सांगितला, मग त्याची माय कुठं जळाली ते सांगायला लागलो. माईक बंद पडला.

लाइट गेली, असं सरपंच म्हणाले. डोक्यावर पंखे फिरत होते.